पोरीला सांगून निघणं

पोटच्या पोरीने आपल्याला परकं केलं तर काय करायचं, हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. बाकी सगळं होतं. अभ्यासक्रमाचं नावच मुळी 'मानव विकास आणि कौटुंबिक संबंध' असं भारदस्त होतं. गर्भापासून म्हातारपणापर्यंत माणूस कसा वाढतो, कुठल्या वयात त्याला काय कळतं, कोणाच्या मायेवाचून त्याचं काय बिघडतं, सगळं तक्त्यांसकट. पाच महिने नाशिकला राहून मी ते शिकत होते, आणि त्याच पाच महिन्यांत माझी अडीच वर्षांची मुलगी माझ्यापासून तुटते आहे असं मला दर पंधरा दिवसांनी दिसत होतं.

मी तेव्हा जव्हारपासून थोड्या अंतरावरच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका होते. नऊ वर्षं पोरांची वजनं केली, गाणी म्हणून घेतली, रजिस्टरं भरली. हा अभ्यासक्रम पुरा केला तर सेविकांना शिकवायचं काम मिळणार होतं. अशी संधी आमच्या भागातल्या बाईच्या दारात रोज येत नाही. नवरा बोईसरच्या एका कारखान्यात, पाळ्या बदलत्या, आणि राहायला एका खोलीत चार पुरुष. त्याच्याकडे पोर ठेवायचा प्रश्नच नव्हता. राहिली माझी आई. ती वांगणीला एकटी असते. उतारावर नागली करते, खालच्या तुकड्यात थोडा भात, दारात कोंबड्या. दिवाळी झाली आणि मी पोरीला तिच्याकडे ठेवून नाशिकची गाडी धरली.

ठेवताना आईला मी दोन पानं लिहून दिली. किती वाजता काय भरवायचं, रडली तर काय बोलायचं, काय बोलायचं नाही. आईला वाचता येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी दिली. तिने ती पानं नीट घडी करून छपराच्या वाशात खोचून ठेवली आणि मला विचारलं, "भाकर बांधून देऊ का?"

खरं सांगायचं तर आईवर माझा राग होता, आणि तो काही कालचा नव्हता. मी सहा वर्षांची असताना तिने मला आश्रमशाळेत ठेवलं. आईवडील दोघंही दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे. मध्ये शिमग्याला चार दिवस यायचे, की पुन्हा थेट पावसाच्या तोंडावर. मला भट्टीवर नेलं असतं तर माझी शाळा झाली नसती, हे डोक्याला कळतं. पण मनात एक चित्र बसून राहिलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात आई माझ्यासमोर फरशीवर बसली आहे. मी गळा काढून रडते आहे. ती मला जवळ घेत नाही, माझे डोळे पुसत नाही, एक शब्द बोलत नाही. नुसती बघत बसली आहे. माझं रडणं थांबल्यावर ती उठली आणि गेली. आई म्हणजे दगड आहे आमची, असं मी कॉलेजात मैत्रिणींना सांगायचे, आणि सांगताना मला बरं वाटायचं.

नाशिकला त्या रागाला शास्त्राचा आधार मिळाला. एका विद्वानाने माणसाच्या आयुष्याच्या आठ पायऱ्या पाडल्या आहेत आणि त्यातली पहिली विश्वासाची आहे. जग भरवशाचं आहे की नाही, ह्याचा अंदाज मूल पाळण्यातच बांधायला लागतं. दुसऱ्या एकाचं म्हणणं, मुलाचा जीव आधी एका माणसात गुंततो आणि त्याच माणसाच्या जोरावर ते पुढे जगाकडे जातं. एका बाईंनी तर आई आणि मूल एका खोलीत बसवून आईला बाहेर पाठवलं, आणि ती परत आल्यावर मूल काय करतं ते बघितलं. काही मुलं धावत येऊन बिलगतात आणि लगेच खेळायला लागतात. काही बिलगतात आणि त्याच हातांनी ढकलतातही. काही आई आलीच नाही अशी पाठ फिरवून बसतात. मी हे सगळं अधाशासारखं वाचलं. प्रत्येक पानावर मला माझी आई दिसायची आणि प्रत्येक पानावर ती नापास व्हायची.

दुसऱ्याच महिन्यात आम्हाला एका कुटुंबाचा अभ्यास लिहायला सांगितला. मी नाव न घालता आईवर लिहिला. 'माता भावनिकदृष्ट्या प्रतिसादशून्य आहे. विभक्त होताना बालकास सांत्वन दिले जात नाही.' असली वाक्यं मला तेव्हा फार आवडायची. वीसपैकी अठरा गुण पडले, वर्गात सगळ्यांत जास्त. निरीक्षण धारदार आहे असा शेरा मिळाला. मी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला.

दर दुसऱ्या शनिवारी मी घरी यायचे. नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा करत जव्हार, तिथून जीपने वांगणी. पोचेपर्यंत दिवस कलायचा. रविवारी परतीची जीप दुपारी दोनला, आणि ती एकच. ती चुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही नाही. पोरगी जेवून बरोबर त्याच सुमाराला झोपायची, त्यामुळे मला फार सोयीचं वाटलं. तिच्या मुठीतून पदर हळूच सोडवायचा, चपला हातात घ्यायच्या, आणि कोंबड्यासुद्धा उठणार नाहीत अशा बेताने निघायचं. तिला रडायला लागू नये एवढाच हेतू. नोकरी करणारी कुठलीही बाई हेच करते. माझ्या अंगणवाडीत आया पोरांना सोडायला यायच्या तेव्हा मीच त्यांना सांगायचे, मी बाहुली दाखवते, तेवढ्यात तुम्ही सटका. नऊ वर्षं मी किती आयांना असं सटकवलं असेल, आठवून आता अंगावर काटा येतो.

पहिल्या खेपेला पोरगी पळत आली आणि गळ्याला लोंबकळली. दुसऱ्या खेपेलाही आली, पण रविवारी दुपारी काही केल्या झोपेना. थोपटून थोपटून माझा हात दुखला, तेव्हा कुठे तिचा डोळा लागला. तिसऱ्या खेपेला ती आजीच्या लुगड्यामागे उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मी आणलेला फुगा तिने घेतला, मला नाही घेतलं, आणि रविवारी ती कोंबड्यांमागे गेली तेवढ्यात मी निघाले. चौथ्या खेपेला मी आल्याचं तिने पाहिलं आणि सरळ खळ्यावर जाऊन खडे मांडत बसली. माझ्याकडे पाठ.

पाठ! पुस्तकातली ती तिसऱ्या जातीची मुलं माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. आणि मी काय करावं? मी वही काढली. रविवारी जेवणं झाल्यावर पडवीत बसून मी माझ्याच मुलीचं निरीक्षण लिहायला लागले. किती वेळा माझ्याकडे बघितलं, किती वेळा आजीकडे गेली, हाक मारल्यावर काय केलं. ती उन्हात खळ्यावर बसली होती. पेंगत होती, मान खाली जायची, की दचकून दोन्ही हातांची बोटं डोळ्यांत घालून पापण्या उघडून धरायची. तेही मी लिहिलं. 'डोळे चोळते.'

आई शेजारी सुपात नागली पाखडत होती. थोडा वेळ तिने माझा उद्योग पाहिला.

"काय लिवतीस?"

"काही नाही. अभ्यास आहे."

"पोरीचा?"

आईने सूप खाली ठेवलं. "मना विचार की. मी सांगन."

एरवी मी काही विचारलं नसतं. पण त्या दिवशी माझ्यातली शिकलेली बाई दमली होती. मी म्हटलं, "आई, ती माझ्याकडे येत का नाही गं? मला भिते का ती?"

"तुला नाय भित. निजेला भिते."

मला काही कळलं नाही. आई म्हणाली, "महिना झाला, पोर दुपारची निजली नाय. तू नसतीस तवा पण नाय. निजली का आई जाते, असं तिला वाटतं. डोलं मिटलं, उघडलं, का आई नाय. मंग कशाला निजंल? आन तू आली का तिला ठावं, आथा ही निजवाया बघणार."

मी खळ्याकडे बघितलं. पोरगी पुन्हा पापण्या ओढून धरत होती. मी वही मिटली. वहीत जे लिहिलं होतं ते सगळं डोळ्यांनी बघून लिहिलेलं होतं, आणि त्यातलं काहीच मला दिसलं नव्हतं.

"मग काय करायचं?" मी जरा चिडूनच म्हटलं. "तोंडावर सांगायचं? रडेल ती."

"रडंल. मंग?"

आई पुन्हा पाखडायला लागली आणि पाखडता पाखडता बोलत राहिली. एवढं सलग बोलताना मी तिला फार थोड्या वेळा ऐकलं आहे. "पाड्यातनं भट्टीचा ट्रक सुटायचा. ज्या बाया पोरां मागं ठेवायच्या त्या अगुदर पोरांम्होरं बसायच्या. पार खाली, भुईला. सांगायच्या, मी चालली, शिमग्याला येन. पोरां रडायची. रडू द्यायचं. रडून झालं का मंग उठायचं. मुकादम भोंगा वाजवी, शिव्या दी. पण कोनी बाई उठायची नाय. चोरून गेलं का पोर घरात हुडकत फिरतं. कणगीमागं बघतं, चुलीमागं बघतं. आठ आठ दिस हुडकतं. आमी बघलंय ना."

"पण रडताना जवळ का घ्यायचं नाही?" मी विचारलं. माझा आवाज मला सहा वर्षांच्या मुलीसारखा वाटला.

"जवल घेतलं का त्याला वाटतं, आई राहिली. मंग उठलं का त्याला दुसऱ्यांदा फसवलं. रडं त्याचं हाय, त्याला करू द्यावं. आपण फकस्त बसावं म्होरं."

मग मी ते विचारलं, जे तीस वर्षांत विचारलं नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यातलं. आईला ते चांगलंच आठवत होतं. "लय रडली तू. जेवणाची घंटा झाली तरी रडतेस. तुजा बाप फाटकाशी उभा. मुकादमाचा माणूस आला, बोंबलून गेला. ट्रक गेला. दुसऱ्या दिशी आमी जव्हारपत्तोर चालत गेलू, मंग एसटीनं." तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. "तू रडायची थांबली तवाच उठली मी. अगुदर नाय."

मला लाज वाटली. वाटली म्हणजे अशी की बसल्या जागी अंग गरम झालं. जिला मी दगड म्हणत फिरले ती माझं रडं संपेपर्यंत माझ्यासमोर बसून होती, आणि त्यापायी त्यांचा ट्रक गेला होता. तिने एकदाही मला ते ऐकवलं नव्हतं. मी तिला तिथेच सांगून टाकलं, की मी नाशिकला तुझ्यावर लिहिलं, आणि चांगलं लिहिलं नाही.

"मार्क किती पडलं?"

"वीसपैकी अठरा."

"मंग बरं हाय की," आई म्हणाली आणि कोंडा झटकायला उठली.

तेवढ्यात दोन वाजत आले. खालच्या रस्त्यावर जीप येऊन उभी राहिली होती. मी पोरीसमोर जाऊन खळ्यावर बसले, पार खाली, मांडी घालून. सांगितलं, "मी आता नाशिकला चालले. पुढच्या पुढच्या शनिवारी येईन." आईने मागून दटावलं, "शनवार तिला काय कलतो? बाजार सांग." आई दर आठवड्याला पोरीला घेऊन बाजाराला जायची, येताना तिला कुरमुरे मिळायचे. तेवढंच तिचं कॅलेंडर. मी म्हटलं, "दोन बाजार झाले की येईन."

पोरीला आधी पटलंच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पिशवी दिसली, आणि तिने असा काही सूर लावला की शेजारच्या घरातली बाई दारात आली. पोरीने मला मारलं. खडे फेकले. माझा हात दोनदा पर्समधल्या मोबाईलकडे गेला, कारण त्यात तिच्या आवडीची गाणी होती. आई लांबूनच म्हणाली, "ऱ्हाऊ दे." मी हात मांडीवर ठेवून बसले. अंगणवाडीतली माझी सगळी हुशारी, बाहुल्या, टाळ्या, चिऊताई, सगळं आत उड्या मारत होतं. समोर आपलं मूल रडतंय आणि आपण फक्त बसायचं, ह्याच्याइतकं अवघड काम मी केलेलं नाही. जीपवाल्याने भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. मग जीप गेली.

पोरगी रडत रडत माझ्या पुढ्यात आली. उंदराएवढे हुंदके राहिले होते. तिने माझ्या पिशवीचा बंद एकदा ओढून बघितला. "दोन बाजार?" तिने विचारलं. मी दोन बोटं दाखवली. मग ती उठून आजीकडे गेली, आणि मी पिशवी खांद्याला लावून जव्हारच्या रस्त्याने चालायला लागले. पुढे एका मास्तरांनी मोटरसायकलवर जव्हारपर्यंत सोडलं. नाशिकची शेवटची गाडी गेलेली होती. ओळखीच्या सेविकेकडे मुक्काम केला आणि सकाळच्या पहिल्या एसटीत बसले. मोखाड्याला गाडी थांबली तेव्हा मी भजी खाल्ली. आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं.

सोमवारी दहा वाजता वर्गात मला बोलायचं होतं, विषय नेमका 'आईपासून दुरावा आणि बालमन'. मी पोचले साडेअकराला. आमच्या मॅडम शिस्तीच्या. कारण विचारलं. बस चुकली एवढं सांगून सुटता आलं असतं, पण मी सगळंच सांगितलं, वर्गासमोर, उभ्याने. वहीचं सांगितलं, पदर सोडवून निघायचं सांगितलं, आईवर लिहून मिळवलेल्या अठरा गुणांचंही सांगितलं. वर्गात कोणी हसलं नाही. अर्ध्या बायका आपापल्या घरी लहान पोरं ठेवून आलेल्या होत्या.

मॅडमनी पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. तेच प्रकरण, जे मी तीनदा वाचलं होतं. पान संपताना लिहिलं होतं की जाण्यापूर्वी मुलाला सांगावं, परतण्याची त्याला समजेल अशी खूण द्यावी, त्याला दुःख व्यक्त करू द्यावं. मी त्या ओळींखाली रेघ मारलेली नव्हती, कारण त्यावर प्रश्न येत नाही. पुस्तकाचा काही दोष नव्हता. मला त्यातून आईवर ठेवायला आरोप हवे होते, ते मी वेचून घेतले आणि बाकीचं ताटात तसंच टाकलं. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या आईंना हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "ट्रकने." संध्याकाळी मी पिशवीतला तो कागद काढला, 'प्रतिसादशून्य'चं वाक्य खोडलं आणि नवीन पान जोडून परत दिला. मॅडमनी गुण वाढवले नाहीत. शुद्धलेखनाच्या चुका होत्या म्हणाल्या.

दोन बाजारांनी मी परत गेले. आईने निरोप देऊनच ठेवला होता, आल्या आल्या हाक मारू नको, पापे घेऊ नको, तिला तिचं येऊ दे. म्हणून मी पडवीत बसून तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या. पोरगी अंगणात होती. तिने मला पाहिलं. कोंबडीमागे एक फेरी मारली. मग दुसरी, जरा जवळून. तिसऱ्या फेरीला ती आली, माझ्या गुडघ्याला पाठ टेकून बसली आणि टोपलीतली शेंग उचलून सोलायला लागली. मला ओरडून सगळ्या पाड्याला सांगावंसं वाटलं. मी शेंगा सोलत राहिले.

रविवारी जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ आली, पण आडवी होईना. "उठवशील?" तिने विचारलं. मी म्हटलं, "उठवेन." "नक्की?" हा शब्द तिने कुठून उचलला कोण जाणे. "नक्की." मग ती झोपली. किती दिवसांची झोप होती ती! तोंड उघडं टाकून, हातपाय पसरून झोपली. आणि पावणेदोनला मी तिला हलवून उठवलं. शेजारची बाई पाणी घेऊन चालली होती, ती हंड्यासकट थांबली. निजलेल्या लेकराला उठवून रडवणारी आई तिने पहिल्यांदाच पाहिली असणार. "शिकून डोकं फिरलं का काय हिचं," ती माझ्या आईला म्हणाली. आई म्हणाली, "आथा कुठं जाग्यावर आलंय."

पोरगी रडली. अगदी पहिल्यासारखी रडली, काही कमी नाही. पण आता ती माझ्या तोंडावर रडत होती, मी गेल्यावर रिकाम्या घराच्या कोपऱ्यांत नाही. मी समोर बसले होते. जीपवाल्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं, पंधरा मिनिटं थांब बाबा. तो थांबला, आणि पुढेही प्रत्येक रविवारी थांबत गेला. त्याचीही दोन लहान मुलं आहेत, असं त्याने एकदा जव्हारला उतरताना सांगितलं. पुढल्या खेपेला आईने खबर दिली की पोर आता रोज दुपारी निजते.

आता मी जव्हारला सेविकांना शिकवते. आठ पायऱ्या शिकवते, खोलीत बसवलेल्या आई-मुलांचं शिकवते, आणि पानाच्या तळाच्या ओळींखाली सगळ्यांना रेघ मारायला लावते. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या आया अजून आहेत, आणि ह्या बाबतीत आपण त्यांच्याकडून शिकायचं आहे, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. काहींना ते आवडत नाही. सरकारी प्रशिक्षणात भट्टीवरच्या बाया कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मी त्यांच्यावर रागावत नाही, कारण मीही तशीच होते. बाहुली दाखवून आईला सटकवायचं मात्र मी कोणालाही करू देत नाही.

अभ्यासक्रम संपायच्या पंधरा दिवस आधी शिमग्याला मी वांगणीला होते. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत वेणी घालत बसले होते. पोरगी आत गेली आणि आजीची बाजाराची पिशवी ओढत बाहेर आली. पिशवीत तिने एक चप्पल, आजीची फणी आणि मक्याचं वाळलेलं कणीस भरलं होतं. ती माझ्यासमोर भुईला बसली, मांडी घालून, आणि म्हणाली, "मी चालली."

"कुठे?"

"नाशिकला."

"कधी येशील?"

तिने विचार केला. "लय बाजार."

मी हसले. ती हसली नाही. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "रड."

मी तोंड वाकडं करून खोटं खोटं उं उं केलं.

"तसं नाय. खरं रड."

मी पुन्हा तोंड वाकडं करायला गेले आणि काय झालं कळलं नाही, खरंच रडू आलं. थोडं नाही, चांगलं घळाघळा आलं. मला वाटलं, पोरगी घाबरेल. ती घाबरली नाही, माझ्या अंगाला हात लावला नाही, उठलीही नाही. समोर बसून राहिली. आई दारात येऊन उभी होती. मी नाक पुसलं तेव्हा पोरीने वाकून माझा चेहरा नीट पाहिला.

"झालं?"

"झालं."

मग ती उठली, पिशवी खांद्याला लावली, कोंबड्यांमधून चालत कुंपणापर्यंत गेली, तिथे रस्त्याकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली आणि पळत परत आली.